होळीनंतर जा

अमरावतीत आमच्या आणि खालाच्या घरामध्ये एकच भिंत होती, आणि तीही वरच्या टिनांपर्यंत पोचायच्या आधीच संपलेली. त्यामुळे तिच्याकडे मिरचीची फोडणी पडली की ठसका आम्हांला लागायचा, आणि आई माझ्यावर ओरडली की पलीकडून खाला म्हणायची, "जाऊ द्या ना बाई, पोट्टं हाय." मी तिशीला टेकलो, नोकरीला लागलो, तरी तिच्या लेखी पोट्टंच होतो.

खालाचं घर रजयांचं. बाहेरच्या खोलीत खालू मशीनवर कापूस पिंजायचे. मशीन सुरू झालं की गल्लीभर तूस उडायचं. तारेवरच्या कपड्यांवर, दुधाच्या पातेल्यावर, खालूंच्या भुवयांवर. आत खाला भरलेली खोळ जमिनीवर पसरून तिच्यावर डोरे टाकत बसायची. हातभर दोरा, लांब सुई, आणि कडेपासून आत सरकत जाणारे चौकोन. नवी बाई गिऱ्हाईक आली की ती हमखास म्हणायची, "उमर गेली माही डोरे टाकन्यात. फसला एकच, तो हा," आणि मशीनकडे बोट दाखवायची. खालूंना ऐकू जायचं नाही. किंवा जायचं, आणि ते मशीनचा आवाज वाढवायचे.

दिवाळी ते संक्रांत हा तिचा हंगाम. पण नव्वदचं दशक सरता सरता तिच्याकडे येणारं काम बदललं. लग्नाच्या लाल सॅटिनच्या रजया कमी झाल्या. भातकुलीकडची, तिवस्याकडची, ज्यांच्या शेतात कापूस पिकतो तीच माणसं जुन्या रजया डोक्यावर घेऊन यायला लागली. वापरून वापरून फरशीसारखी झालेली रजई फोडायची, तोच कापूस पुन्हा पिंजायचा आणि तोच भरायचा. "घरी कापसाचा ढीग लागला अशीन, त्यातला दोन किलो काहून नाही आनला?" खाला विचारायची. माणूस नुसता हसायचा. एक म्हातारा म्हणाला होता, "तो आपला नाही बाप्पा, तो मार्केटचा हाय. आपला हा," आणि जुन्या रजईवर थाप मारली होती. धूळ उडाली. खाला ते वाक्य कितीतरी दिवस आईला सांगत होती.

हे सगळं मला नीट आठवतं, आणि आठवताना इतकं बरं वाटतं की मूळ गोष्ट मागे राहते. माझी ती जुनी सवय आहे. मूळ गोष्ट अशी, की खालाच्या उजव्या हाताची तर्जनी आज अर्धी आहे. ते बोट वाचलं असतं. वाचलं नाही याला मी कारण आहे, आणि मागच्या हिवाळ्यापर्यंत हे मी तिला सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी अकोल्याला जनावरांच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. सोमवार ते शनिवार अकोला, शनिवारी संध्याकाळच्या गाडीने अमरावती. आमचं काम वळूंचं. गावात एखादा वळू दिसायला राजबिंडा असतो, वशिंड उंच, चाल अशी की माणसं वाट सोडतात. पण त्याच्याकडून भरवलेल्या गाई उलटतात, म्हणजे गाभ धरत नाहीत. शेतकरी गाईला दोष देतो. पुष्कळदा दोष वळूच्या पेशीत असतो. त्याची दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून एक झालेली असतात. ज्या वर्षी कापूस हात देत नाही त्या वर्षी घर गाईच्या दुधावर चालतं. म्हणून असा वळू वेळेत ओळखणं म्हणजे आमच्या दृष्टीने चार गावांचं काम होतं, आणि खरंच होतं. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. निदान तसं वाटतं.

आता थोडं समजावून सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक गुणसूत्राला एक आवळलेली जागा असते, कंबर म्हणा. शाळेच्या पुस्तकात तिला गुणसूत्रबिंदू म्हणतात, आम्ही सेंट्रोमिअर म्हणायचो. पेशी दुभंगताना गुणसूत्राचे दोन सारखे भाग तिथूनच धरून दोन बाजूंना ओढले जातात. त्या जागी काही ठरावीक प्रथिनं बसलेली असतात, आणि नवल असं की माणूस, गाय, म्हैस, बकरी, उंदीर, सगळ्यांची ती प्रथिनं बरीच सारखी. एकाची ओळखणारं प्रतिपिंड दुसऱ्याचीही ओळखतं. ते प्रतिपिंड काचपट्टीवरच्या पेशींना लावायचं, वर चमकणारा हिरवा रंग द्यायचा, की प्रत्येक गुणसूत्राच्या कंबरेवर हिरवे ठिपके उजळतात. चिकटलेल्या जोडीवर ठिपके एका जागी की दोन जागी, हे त्यावरून दिसायचं, आणि वळूचा निकाल लागायचा.

पण हे प्रतिपिंड आम्ही बनवू शकत नव्हतो. ते काही माणसांच्या रक्तात आपोआप तयार होतं, एका आजारात. शरीर आपल्याच प्रथिनांना परकं समजायला लागतं. थंडीत बोटं पांढरी पडतात, कातडी आवळत जाते, पुढे पुढे घास गिळणं जड जातं. आमच्या सरांनी परदेशातून येताना अशा कुणा अनोळखी रुग्णाचं थेंबभर सिरम आणलं होतं, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरतं ते पिवळसर पाणी. आम्ही ते अत्तरासारखं वापरायचो. तरी संपत आलं होतं.

खालाची बोटं मरायची. हा तिचाच शब्द. सकाळी माठाच्या पाण्यात हात गेला की बोटं खडूसारखी व्हायची, मग निळी, आणि चुलीजवळ धरल्यावर लाल होऊन आग आग करायची. खालू म्हणायचे, "हिच्या हातात रोज झेंडावंदन होते." बोटांची कातडी चकचकीत झाली होती, सुई धरताना सुरकुती पडायची नाही. शेवटी खालूंनी तिला चामडीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त मुंबईला पाठवलं, आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी इंग्रजी रिपोर्ट घेऊन ती आमच्या दारात आली.

"वाच रे. डाक्टर म्हने खूनमधी काही निंगलं. चांगलं निंगलं का खराब, ते तू सांग."

मी वाचलं. सेंट्रोमिअरविरुद्धची प्रतिपिंडं, भरपूर. वाचताक्षणी माझ्या मनात एकच शब्द आला. मिळालं. खालाचा आजार नंतर आठवला. किती नंतर ते मोजायचं झालं तर, आई आतून पाणी घेऊन आली तेवढ्या वेळाने.

"काय हाय?"

"घाबरन्यासारखं काही नाही. पन एकदा अजून तपासून घेऊ. मीच नेतो अकोल्याले."

"तुह्या बैलाच्या दवाखान्यात?"

"मशीन सारखीच राहते खाला."

"पाह्य बरं. रिपोर्टात शिंगं निंगतीन मले."

आई हसली, मीही हसलो. तिचं रक्त मी आमच्या ओसरीवरच काढलं. कातडी आवळल्यामुळे शीर सापडत नव्हती, दोनदा सुई चुकली. खाला म्हणाली, "मी देतो का तुले सुई टाकून? माहा हात सरळ हाय." ती बायांसारखं 'देते' म्हणायची नाही, रागात आणि थट्टेत 'देतो' म्हणायची.

ते रक्त मी थर्मासमध्ये बर्फ भरून नेलं. बर्फ कुल्फीवाल्याकडून घेतलेला. बडनेऱ्याला गाडी बदलताना शेजारच्या बाकावरचा माणूस थर्मासकडे बघून म्हणाला, "चहा हाय काय भाऊ?" मी म्हटलं, औषध आहे. मूर्तिजापूर येईपर्यंत तो आपल्या सांधेदुखीचं सांगत राहिला, आणि उतरताना म्हणाला, "ज्याचं अशीन त्याले बरं वाटो." अशी वाक्यं कुठेकुठे अडकून राहतात.

दोन दिवसांनी अंधाऱ्या खोलीत मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. वळूच्या पेशी होत्या. काळोखात मंद निळी गुणसूत्रं, आणि त्यांच्या कंबरेवर हिरवे ठिपके, जोडीजोडीने, पोळ्याला रंगवलेल्या शिंगांसारखे नेमके. सरांच्या थेंबभर सिरमने इतकं उजळ कधी दिसलं नव्हतं. मी तासभर पाहत बसलो. खरं सांगतो, आयुष्यात थोड्या वेळा मला इतका आनंद झाला आहे. आजही तो आठवला की आधी आनंदच होतो, मग बाकीचं येतं.

सरांनी पाहिलं. मग म्हणाले, "कोणाचं आहे?"

"ओळखीच्या बाई आहेत सर. अमरावतीच्या."

"त्यांना सांगितलं आहे ना, कशासाठी घेतो ते?"

"हो सर."

सर विचारणारे होते. मीच सांगणारा नव्हतो. नळीवर नाव लिहायचं नसतं, म्हणून मी 'ख-१' असं लिहिलं. ख म्हणजे कोण, हे सरांनी विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी 'ख-२' काढलं, चांगलं भरपूर. खालाला सांगितलं, "पहिलं थोडं कमी पडलं." सुट्टीला सगळे घरी गेले, अकोल्यात भारनियमन चालूच होतं, आणि परत येऊन फ्रीझर उघडला तर वास आला. सगळं नासलं होतं. तेव्हापासून मला साठवायची हाव सुटली. पौषात 'ख-३' काढलं. वास्तविक सिरम शंभर पट पातळ करून वापरतात. 'ख-३' एकट्यावर दोन वर्षं निघाली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण नासलेल्या फ्रीझरचा वास नाकात बसला होता.

दर वेळी खाला काहीतरी द्यायची. रक्त काढून झालं की दंडाला कापूस दाबून आत जायची आणि शेवयांचा डबा आणायची. आई तिच्यासाठी सांबारवड्या तळून ठेवायची. हिवाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, कोवळा असतो. दोघी ओसरीवर उन्हाला बसायच्या. मी मधे बसून नळी हळूच उलटसुलट करायचो. रजया दोरीवर वाळत असायच्या आणि त्यांच्या सावलीत आमची मांजर. मला वाटायचं, असंच चालावं.

संक्रांतीनंतर खाला पुन्हा कागद घेऊन आली. या वेळी तर्जनीच्या टोकाला बारीक जखम होती, सुई टोचल्यासारखी, पण भरत नव्हती. डॉक्टरांनी नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली होती. तिथे नवीन औषधं सुरू करतील, म्हणाले होते.

"जाऊ का?" तिने मला विचारलं. खालूंना विचारलं नव्हतं, ते म्हणाले होते पोराला विचार. आमच्याकडे घरातलं जे माणूस शिकलेलं असतं त्याला सगळंच विचारतात. टीव्ही कोणता घ्यावा, पोरीला कुठे द्यावी, ऑपरेशन करावं का. मी जनावरांच्या रक्ताच्या काचपट्ट्या करणारा माणूस होतो. पण माझ्याकडे पांढरा कोट होता.

मी चिठ्ठी वाचली. मला काय दिसलं ते लिहितो. औषध सुरू झालं की तिची प्रतिपिंडं कमी होतील. हिरवे ठिपके फिके पडतील. फेब्रुवारीच्या शेवटी बारा वळूंची तुकडी यायची होती, सरांचा सगळा वर्षाचा अहवाल त्यावर होता. तिला पाठवण्याआधी एकदा भरपूर काढून ठेवावं, तर पंधरा दिवसांपूर्वीच काढलं होतं. एवढ्यात पुन्हा सुई काढली तर आईने विचारलं असतं, काय चालवलंय म्हणून. हे सगळं मी चिठ्ठीच्या चार ओळी वाचता वाचता ठरवलं. खाला माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"होळीनंतर जा," मी म्हणालो. "थंडी सरली की बोटं आपोआप सुधरतात. आत्ता नागपुरात कडाक्याची थंडी राहते, अजून त्रास हुईन."

हे खोटं नव्हतं. हीच त्यातली वाईट गोष्ट. उन्हाळ्यात बोटं खरंच बरी असायची. ते वाक्य मी अशा ठिकाणी ठेवलं की ते खरं असूनही खोट्याचं काम करेल. तिला पटलं. खालूंनाही पटलं, हंगाम चालू होता. "होलीच्या बाद जाऊ," ती भिंतीपलीकडे कुणालातरी सांगत होती, "पोट्टा म्हने."

फेब्रुवारीच्या मध्यात मी 'ख-४' काढलं. जखमेवर तिने हळद लावून चिंधी बांधली होती, ती सोडून पाहावं असं मला वाटलं नाही. दिलेला हात डावा होता, उजवा तिने पदराखाली घेतला होता. बारा वळूंची तुकडी आली. एकाची दोन गुणसूत्रं चिकटलेली निघाली, ठिपके स्वच्छ दिसले. तो वळू यादीतून काढला. सर सगळ्यांसमोर म्हणाले की ही कामगिरी माझी. संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी कचोऱ्या खाल्ल्या.

शनिवारी घरी आलो तर आई दारातच होती. "खालाचं बोट काळं पडलं. तिले नागपूरले नेलं काल."

होळीला अजून चार दिवस होते.

नागपूरला बोटाचं वरचं दीड पेर काढावं लागलं. मी भेटायला गेलो. तिथल्या डॉक्टरबाई खालूंना सांगत होत्या की हे थंडीतच यायला हवं होतं, रक्तवाहिन्या मोकळ्या करणाऱ्या गोळ्या वेळेवर मिळाल्या असत्या तर जखम इथवर आली नसती. खालू मान हलवत होते. मी खिडकीजवळ उभा होतो. खालाने मला पाहिलं आणि म्हणाली, "घाबरू नको रे. सुई धराले आंगठा आन मधलं बोट बस हाय."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. खालू बाहेर चहा आणायला गेले, आम्ही दोघंच होतो. पण डॉक्टरबाईंचं एक वाक्य माझ्या डोक्यात घुमत होतं: रक्तवाहिन्या मोकळ्या करणाऱ्या गोळ्या. म्हणजे त्या गोळ्यांचा प्रतिपिंडांशी संबंधच नाही? म्हणजे मी ज्याला भ्यायलो होतो ते घडणारच नव्हतं? मला ते कळून घ्यायचं होतं. कशाला, ते आजही सांगता येत नाही. बहुधा मला वाटत होतं की ठिपके फिके झालेले निघाले तर माझी भीती तरी खरी ठरेल.

म्हणून वैशाखात, ती गोळ्या घेऊन दोन महिने झाल्यावर, मी पुन्हा सुई काढली. तिच्या बोटाचे टाके सुकले होते. मी म्हणालो, "आत इन्फेक्शन राहिलं का पाहू." तिने हात पुढे केला. आई त्या वेळी घरात नव्हती. ती नसताना मी गेलो होतो.

'ख-५'चे ठिपके 'ख-१'इतकेच उजळ होते.

त्यानंतर मी तिच्याकडून रक्त घेतलं नाही. खालाने मधल्या बोटाने सुई धरायला शिकून घेतलं. तिचे डोरे पूर्वीइतके सरळ राहिले नाहीत. गिऱ्हाइकांच्या लक्षात येत नसे, माझ्या येई. माझं लग्न झालं, मी अकोल्यालाच घर केलं. आई गेली, खालू गेले, ती भिंत पडली आणि तिथे स्लॅबची दोन घरं झाली. खाला मुलाकडे, त्याच गल्लीत. मी सणावाराला जात राहिलो. ईदला शेवया, दिवाळीला मी चिवडा नेई. तिचा आजार हळू चालणारा निघाला. बोलताना ती सगळ्यांना सांगायची, बाईंच्या पोट्ट्याने माझ्यासाठी काय काय नाही केलं, थर्मासमध्ये रक्त घेऊन अकोल्यापर्यंत जायचा. मी तिथेच बसलेला असायचो, आणि ऐकायचो.

मागच्या वर्षी प्रयोगशाळेतला जुना फ्रीझर भंगारात काढायचा ठरला. रिकामा करायला मीच बसलो, तिथला सगळ्यात जुना माणूस आता मी आहे. तळाशी बर्फात रुतलेल्या नळ्या निघाल्या. 'ख-३' जवळजवळ भरलेली. 'ख-४' उघडलेलीच नाही. मी त्या हातात धरून बसलो, हाताला गार लागेस्तोवर, आणि शनिवारी अमरावतीची बस धरली.

खाला दारात उन्हाला बसली होती, हातमोजे घालून. सून आत भाकरी थापत होती. मी बाजूला बसलो आणि सगळं सांगितलं, वळूंपासून. एकदा सुरुवात केल्यावर थांबायची भीती वाटत होती, म्हणून भराभर बोललो. मी थांबल्यावर म्हणाली, "म्हंजे माह्यं खून बैलावर चाले?"

"बैलावर, म्हशीवर, बकरीवर. सगळ्याइचं ओळखे ते."

"आन माह्यं?"

"काय?"

"माह्यंच. माह्या आंगातलं ते जे हाय, त्यात पाह्यलं तुनं कधी?"

मी आठवून पाहिलं, खरोखर. "नाही," म्हटलं. "तुह्यं कधीच पाह्यलं नाही."

ती मोजे काढून बोटं उन्हात धरून बसली. मग म्हणाली, "आन ते होळीचं. औषधानं खून बिघडन, असं वाटलं तुले."

"हो."

"बिघडलं?"

"नाही. काहीच फरक नाही पडला."

"तुले कसं मालूम?"

हे मी सांगताना गाळलं होतं. वळूंचं सांगितलं, होळीचं सांगितलं, उन्हाळ्याचं गाळलं; ते माझं मलाही तेव्हाच कळलं. खाला माझ्याकडे पाहत होती. सुईत दोरा ओवून ओवून जिचे डोळे अजून बारीक वस्तू धरतात, अशी ती पाहत होती.

"बोट कापल्यावर एकदा काढलं होतं ना मी," मी म्हणालो. "उन्हाळ्यात."

"टाके पाहाले काढलं होतं ते."

"नाही. टाके पाहाले नव्हतं."

सून आतून विचारत होती, चहा ठेवू का. गल्लीतून एक सायकल गेली.

"पह्यलं जे घेतलं," ती म्हणाली, "ते तू खरं सांगून मांगतलं असतं त मी देलंच असतं. बैलासाठी काय, कुत्र्यासाठी बी देलं असतं. तुह्या मायनं मांगतलं असतं त दोनी हात देले असते. होळीचं बी जाऊ दे. मी डाक्टराले सोडून तुले इचारलं, ते माह्यं बी चुकलं. पन उन्हाळ्यातलं..." इथे ती थांबली, आणि उर्दूत गेली, फार राग आला की ती उर्दूत जायची, हे मला लहानपणापासून माहीत होतं. "वो तो तूने कटी हुई उंगली के सामने बैठ के लिया. वो मैं ने नहीं दिया. वो तूने चुराया."

मी मान खाली घातली. सून चहा घेऊन दारात आली होती.

"आत ने तो," खाला म्हणाली. "हा चाल्ला."

त्या घरातून चहा न घेता मी उठलो तो पहिल्यांदा.

दीड महिन्याने पुन्हा गेलो. जावं की नाही हे ठरवण्यात दीड महिना गेला होता. खालाने बस म्हटलं. सुनेने चहा आणला, तो मी घेतला. तब्येत विचारली, तिने सांगितली. खोकला आहे, छातीची तपासणी केली, कालच कागद आले. कागद तिच्या उशीखालीच होते. मी सवयीने हात पुढे केला.

तिने ते सुनेला दिले. सून दहावीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षरं लावता लावता तिच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या ओळीतल्या एका लांब शब्दावर ती अडली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

"त्याच्याकडे नको पाहू," खाला म्हणाली. "तूच वाच. अडूअडू वाच, पन तूच वाच."

सुनेने ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मी कप हातात धरून ऐकत राहिलो.